तक्त्यानुसार सीओटू ४८ पीपीएम, ड्रॉप चेकर मात्र निळसर. खरं काय धरायचं?

तळं_नाशिक:
नमस्कार मंडळी. मासे आणि पाणझाडांची दोन फुटी टाकी आहे, महापालिकेचं पाणी. झाडांसाठी सीओटूचा सिलेंडर, सोलेनॉइड (गॅस चालू-बंद करणारा विजेवरचा व्हॉल्व्ह) आणि काचेचा डिफ्युझर (गॅसचे बारीक बुडबुडे करणारा). पुढे मोंटे कार्लोचा गालिचा, मागे रोटाला, मधे मोठं ड्रिफ्टवुड. बदामाची पानंही टाकतो. मासे म्हणाल तर निऑन टेट्रा आणि ओटो.

केएच (पाण्यातला बायकार्बोनेटचा क्षार) ४ येतो. लाइट लागून दोन तास झाले की पीएच ६.४. केएच आणि पीएचवरून सीओटू सांगणाऱ्या तक्त्यात बघितलं तर ४८ पीपीएम! पण ड्रॉप चेकर (टाकीत लावायची काचेची वाटी, आतलं द्रावण सीओटू कमी तर निळं, पुरेसा तर हिरवं, जास्त तर पिवळं; सोबत आलेलं ४ केएचचं तयार द्रावण भरलंय) हिरवट निळा, पूर्ण हिरवा कधीच होत नाही. मासे छान फिरतात, वर येऊन हवा घेत नाहीत. मोंटे कार्लो मात्र पसरायचं सोडून वर वर उठतंय. दुकानदार म्हणतात गॅस कमी करा, मासे मरतील. झाडं बघून मला वाटतं वाढवायला हवा. कोणाचं ऐकू?

रोटाला_ठाणे:
मासे मजेत असतील तर हळूहळू वाढवा. तक्ता मी कधीच सोडून दिला. बबल काउंटरवर सेकंदाला दोन बुडबुडे, विषय संपला.

परीक्षानळी_सांगली:
ठाणेकर, बुडबुड्यांचं गणित एका टाकीचं दुसरीला लागू पडत नाही. बुडबुड्याचा आकार, डिफ्युझर, पाण्याची हालचाल, सगळंच वेगळं असतं. आपल्याच टाकीत आज किती आणि काल किती, एवढ्यापुरतं ते ठीक.

नाशिककर, तुमचा ड्रॉप चेकर बरोबर आहे, तक्ता तुम्हाला फसवतोय. मी ज्युनिअर कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये नोकरी केली, टायट्रेशन रोजचंच होतं. त्यामुळे हा विषय निघाला की मला गप्प बसवत नाही.

तक्त्याचं सूत्र असं: सीओटू = ३ × केएच × १० चा (७ वजा पीएच) घात. सूत्रात खोट नाही. पण पाण्यातला सगळा क्षार बायकार्बोनेटचा आहे आणि पाणी आंबट करणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे सीओटू, असं ते धरून चालतं. तुमच्या टाकीत ड्रिफ्टवुड आहे, बदामाची पानं आहेत. त्यातून उतरणारी आम्लं पीएच खाली ओढतात आणि तक्ता ते सगळं सीओटूच्या नावावर मांडतो. खतातलं फॉस्फेटही केएचच्या टेस्टमध्ये थोडी लुडबूड करतं. त्यात पीएच मोजायचा पेन. पेन ०.१ ने चुकला तर उत्तर २६ टक्क्यांनी हलतं, ०.३ ने चुकला तर थेट दुप्पट किंवा निम्मं. आधी ६.८६ आणि ४.०१ अशा ठराविक पीएचचं द्रावण करायच्या पुड्यांवर पेन लावून घ्या.

मग एक करा. टाकीतलं पाणी रुंद भांड्यात काढा, २४ तास उघडं ठेवा, मधून मधून ढवळा आणि पीएच मोजा. केएच ४ चं नुसतं बायकार्बोनेटचं पाणी असेल तर पीएच आठच्या वर गेला पाहिजे. तुमचा बराच खाली राहील असा माझा अंदाज.

ड्रॉप चेकरमध्ये ही भानगड का नाही? टाकीचं पाणी आणि आतलं द्रावण यांच्यामध्ये हवेची पोकळी असते. पानांचा रंग, आम्लं, खतं ती पोकळी ओलांडू शकत नाहीत, सीओटू वायू ओलांडतो. पलीकडे आपल्याला माहीत असलेलं ४ केएचचं पाणी आणि ब्रोमोथायमॉल ब्लू, म्हणजे पीएचप्रमाणे रंग बदलणारं द्रव्य. पीएच ६.६ ला ते स्वच्छ हिरवं दिसतं, म्हणजे सुमारे ३० पीपीएम. ६.८ ला निळसर हिरवं, सुमारे १९. तुम्ही तिथेच आहात. मोंटे कार्लोही तेच सांगतंय.

फक्त ड्रॉप चेकर संथ असतो. रंग बदलायला तास-दोन तास जातात, म्हणजे आत्ताचा रंग मघाच्या गॅसचा. गॅस लाइटच्या आधी दीड-दोन तास सुरू करा आणि रंग दुपारी बघा. चेकर डिफ्युझरच्या विरुद्ध बाजूला, मध्यावर लावा. बुडबुडे थेट वाटीत शिरले तर रंग पिवळा पडेल आणि तुम्ही उगाच घाबराल. मागे पांढरा कागद धरून रंग बघा.

एक_बाटली_यीस्ट:
माझ्या ड्रॉप चेकरच्या पाकिटावर "टाकीचंच पाणी भरा" असं छापलंय. आणि मी सिलेंडरऐवजी बाटलीतल्या साखर-यीस्टच्या गॅसवर आहे, ३० कधी गाठणारच नाही. मग कायम निळाच बघायचा का?

परीक्षानळी_सांगली:
टाकीचं पाणी भरू नका. मग पोकळीचा उपयोगच राहत नाही, तक्त्याची सगळी गडबड वाटीत येते.

द्रावण घरी होतं. खाण्याचा सोडा घ्या, बेकिंग पावडर नको. ०.१२ ग्रॅम सोडा १ लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये म्हणजे ४ केएच. एवढंसं वजन घरच्या काट्यावर होणार नाही. म्हणून १२ ग्रॅम सोडा १ लिटर डिस्टिल्डमध्ये पूर्ण विरघळवा. त्यातलं १० मिली सिरिंजने मोजून दुसऱ्या १ लिटर डिस्टिल्डमध्ये घाला. काटा एखाद ग्रॅमने चुकला तरी फरक आठेक टक्के, डोळ्याला रंगात कळणारही नाही. आरओचं पाणी चालणार नाही, घरच्या आरओमध्ये थोडा केएच उरतोच. मग वाटीत दोन-तीन थेंब ब्रोमोथायमॉल ब्लू.

आता तुमचं. १० ऐवजी ५ मिली घाला. ते झालं २ केएच, आणि तोच हिरवा रंग आता १५ पीपीएमला दिसेल. यीस्टवाल्यांसाठी हेच सोयीचं. रात्री मात्र एअर पंप लावाच. यीस्टला सोलेनॉइड नसतो आणि अंधारात झाडंही ऑक्सिजनच घेतात.

तळं_नाशिक:
ताई, पेन पुड्यांवर तपासला, ठीक आहे. भांड्यातल्या पाण्याचा पीएच ७.३ वर थांबला. म्हणजे गॅसने पीएच ०.९ ने उतरतो. पीएच एक अंश उतरला की सीओटू ३० पीपीएम असं वाचलंय, मग मी २४ च्या आसपास आहे का?

परीक्षानळी_सांगली:
७.३ आणि केएच ४ तक्त्यात घाला: ६ पीपीएम येईल. उघड्या हवेत दिवसभर राहिलेल्या पाण्यात सीओटू १ पीपीएमसुद्धा नसतो. तुमच्या टाकीत तक्ता किती फुगवून सांगतो ते इथेच दिसलं. दुकानदारांना हे दोन आकडे दाखवा, त्यांनाही उपयोग होईल.

"एक अंश म्हणजे ३०" हे सुरुवातीला ३ पीपीएम होते असं धरून केलेलं गणित आहे. दहापट वाढतो हे खरं, पण कशाच्या दहापट ते माहीत नसेल तर ३० हा आकडा अधांतरीच. ०.९ ची उतरण रोज तेवढीच येते का, हे बघायला वापरा. आकडा ड्रॉप चेकरकडून घ्या.

आता नीडल व्हॉल्व्ह (गॅस कमी-जास्त करायचा बारीक नळ) अगदी किंचित उघडा, सुट्टीच्या दिवशी, घरात असाल तेव्हा. एका दिवसात एकदाच. पाण्याचा पृष्ठभाग थोडा हलता ठेवा, ऑक्सिजन चांगला असेल तर मासेही सीओटू जास्त सोसतात. संध्याकाळी लाइट जायच्या आधी टेट्रांकडे बघा. कल्ले भराभर हलत असतील किंवा ते वर जमले असतील तर लगेच व्हॉल्व्ह मागे आणि एअर पंप सुरू, मग चेकर कुठल्याही रंगाचा असो.