अनुभव धागा: निवृत्तीनंतर थायलंडच्या खेड्यात

थायलंड म्हटलं की आपल्याकडे पट्टाया, मसाज आणि तीन रात्री-चार दिवसांचं पॅकेज. मी बुरीरम प्रांतातल्या एका खेड्यात राहतो हे सांगितलं की समोरचा आधी डोळा मारतो आणि मग विचारतो, "स्वस्त पडतं का हो?" गेल्या दिवाळीत हा प्रश्न तिसऱ्यांदा आला, तेव्हा ठरवलं की एकट्यानं उत्तरं देत बसण्यापेक्षा इथल्या खेड्यांत राहणाऱ्या आणि राहून परतलेल्या सगळ्यांनाच लिहायला बोलवावं. समुद्रकिनारे नकोत, बँकॉक नको. सकाळी उठल्यापासून काय होतं, काय चुकलं, कशाचा कंटाळा आला ते लिहा. "लोक फार छान आहेत" एवढं लिहून पळायचं नाही.

सुरुवात माझ्यापासून. आदित्य बिर्लांनी 1969 मध्ये आपली परदेशातली पहिली कंपनी या देशात काढली, आणि सूत-कापडाच्या धंद्यात मग आपली बरीच माणसं येत राहिली. मी त्यांच्यातलाच, एका गिरणीत मेंटेनन्सला. साठीला सुटलो आणि एका सहकाऱ्याच्या गावात घर भाड्यानं घेतलं. सकाळी सहाला खांबावरचा भोंगा सुरू होतो. फू याय बान, म्हणजे गावचा मुखिया, आधी एक गाणं लावतो, मग पाणी कधी बंद, कुत्र्यांना लस कधी, रात्री कोण गेलं. पहिली दोन वर्षं त्यातलं अक्षर कळत नव्हतं, नुसती झोपमोड.

शेजारीण कुंपणावरून विचारायची, "किन खाव रु यांग?" भात खाल्लात की अजून नाही? आपलं "जेवण झालं का" तेच, आणि उत्तरही तसंच ठरलेलं: झालं. मी पहिल्या दिवशी प्रामाणिकपणे "नाही" म्हणालो. दहा मिनिटांत ती चिकट भाताची टोपली आणि वाटीभर लाल मुंग्यांची अंडी घेऊन हजर. खाल्ली. आंबटसर लागतात, तोंडात फुटतात. दुसऱ्या दिवसापासून माझं जेवण कायम झालेलं असतं.

इथे गोऱ्यांना फरांग म्हणतात आणि आपल्याला खॅक. खॅकचा दुसरा अर्थ पाहुणा. मला वाटलं, वा, काय गोड शब्द आहे. तो नेहमीच गोड अर्थानं म्हटलेला नसतो हे भाषा यायला लागल्यावर कळलं.

उदोन थानीजवळून, नऊ वर्षं

कागदपत्रांबद्दल कुणी लिहिणार नाही, म्हणून मी लिहिते. निवृत्तीच्या व्हिसावर दरवर्षी मुदतवाढ घ्यावी लागते. त्यासाठी वय 50 पूर्ण हवं आणि थाय बँकेत 8 लाख बाथ, नाहीतर महिना 65 हजार बाथ उत्पन्न. ते 8 लाख अर्जाआधी दोन महिने खात्यात हवेत, मुदतवाढ मिळाल्यावर तीन महिने त्यांना हात लावायचा नाही, पुढेही 4 लाखांखाली जाऊ द्यायचे नाहीत. पैसे आपलेच, पण दानपेटीतल्यासारखे. दरवर्षी 1,900 बाथ फी. शिवाय दर 90 दिवसांनी "आम्ही अजून इथेच राहतो" असं कळवायचं. उशीर झाला तर 2,000 बाथ दंड. आम्ही एकदा भरलाय.

खरा फटका 2019 मध्ये बसला. जूनमध्ये सासूबाई गेल्या. रात्रीचं विमान पकडायला सगळी पळापळ. देश सोडण्याआधी री-एंट्री परमिट काढावं लागतं, एका वेळचं 1,000 बाथ; ते नसेल तर तुम्ही बाहेर पडलात की वर्षाची मुदत संपली. सुवर्णभूमी विमानतळावरही ते मिळतं. आम्ही त्या काउंटरसमोरून रडत रडत पुढे गेलो. तेरावं करून परतलो तेव्हा पासपोर्टवर शिक्का पडला तो नवख्या पर्यटकाचा. सगळं पहिल्यापासून. ह्यांनी अर्थात खापर माझ्यावर फोडलं.

आणि नोव्हेंबरात तिकडच्या पेन्शनसाठी हयातीचा दाखला. एका वर्षी इथल्या कार्यालयाचं पत्र जोडलं, त्यावर साल 2562. थाय कागदांवर बुद्ध संवत असतो, आपल्या सालात 543 मिळवायचे. तिकडच्या बँकेतला मुलगा फोनवर म्हणाला, "मॅडम, ही तारीख अजून यायचीय." पेन्शन दोन महिने अडकली. जिवंत आहोत हे दोन देशांना पटवत राहायचं, हेच आमचं निवृत्तीनंतरचं काम.

नानहून

दोनच ओळी लिहितो. फोटोत दिसणारे हिरवे डोंगर खरे आहेत, पण फेब्रुवारी ते एप्रिल शेतं आणि रान जाळतात, तेव्हा ते दिसत नाहीत. घर बंद, प्युरिफायर चालू, बायकोचा खोकला चालू. आम्ही मार्चमध्ये सांगलीला पळतो, म्हणजे धुरातून उन्हात. घर बघायला येणार असाल तर मार्चमध्ये या, नोव्हेंबरमध्ये नाही.

यसोथोनहून, थाय कुटुंबाचा जावई

वर भाड्याच्या घराचा उल्लेख आलाय, तो शहाणपणाचा. परदेशी माणसाला इथे जमीन घेता येत नाही. मी घर बांधलं ते बायकोच्या नावच्या जमिनीवर. पैसे माझे, सातबारा तिचा. (सातबारा नसतो इथे, तुम्हाला कळावं म्हणून.) यावरून माझ्या भावानं मला तासभर फोनवर झापलं. मी म्हटलं, बायकोवर भरवसा नसता तर लग्न कशाला केलं असतं? तो म्हणाला, भरवसा वेगळा आणि उतारा वेगळा. त्याचंही चूक नाही. इथे सगळं विकून हातात एक बॅग घेऊन परत गेलेले तीन फरांग मी पाहिलेत.

मी मूळचा माणगावकडचा. चिखलणी, आवण, लावणी हातापायांत मुरलेली. इथे आषाढात शेतं भरलेली बघून मला राहवेना. विजार गुडघ्यापर्यंत दुमडून उतरलो आणि मेहुणीच्या हातातली रोपांची मूठ घेतली. सगळ्या बाया खो खो हसायला लागल्या, मग गप्प झाल्या, कारण माझ्या ओळी त्यांच्यापेक्षा सरळ पडत होत्या. सासरा मात्र बांधावरून ओरडला, वर या! निवृत्तीच्या व्हिसावर काम करायला मनाई आहे. सासऱ्याच्या शेतात फुकट राबणं त्यात बसतं का, यावर गावात दोन पक्ष आहेत. मी आता बांधावर पाण्याचा जग घेऊन बसतो आणि कुणाची ओळ वाकडी गेली ते सांगतो. आता बरेचजण बी फेकूनच पेरतात म्हणा. लावणीला माणसं मिळत नाहीत, तरुण सगळे बँकॉकला.

पावसाआधी, मे महिन्यात, इथे बुन बांग फाय असतो. पाऊस यावा म्हणून गावोगावचे लोक स्वतः बनवलेले अग्निबाण आकाशात सोडतात. ज्याचा बाण उडत नाही त्याला चिखलात लोळवतात. चिखलात उतरायची माझी संधी तेवढीच.

फत्थलुंगहून, शाकाहारी

हसू नका. दक्षिण थायलंडच्या खेड्यात शाकाहारी राहता येतं, फक्त शब्द नीट हवेत. शाकाहाराला थायमध्ये मांग्सविरात म्हणतात, म्हणजे आपलं मांसविरती. मला वाटलं, संस्कृत आलं म्हणजे जिंकलं. पण मांग्सविरात सांगितलं तरी भाजीवर नाम प्ला, म्हणजे मासळीचं पाणी, पडतंच, कारण तो मासा नाही, ते मीठ आहे! "जे" म्हणावं लागतं, म्हणजे मासळीचं पाणीसुद्धा नको. पिवळ्या झेंडीवर लाल अक्षर असलेलं दुकान शोधा. त्यात कांदा-लसूणही नसतो, त्यामुळे माझ्या आईला चाललं असतं. शरदात नऊ दिवस सगळीकडे हे "जे" जेवण मिळतं, बहुधा आपल्या नवरात्राच्या आसपास. ते माझे मेजवानीचे दिवस.

कोकमासाठी चार वर्षं तडफडले. मग आठवडी बाजारात एका आजीकडे वाळवलेल्या काळपट फोडी दिसल्या. चाखली आणि डोळ्यांत पाणी. नाव विचारलं तर म्हणाली, सोम खॅक. खॅकांचं आंबट! कोकमाच्याच जातीतलं फळ. तिथेच यंत्रावर नारळाचं ताजं दूध काढून देतात, ते अर्धा किलो घेतलं, घरी येऊन फोडी भिजवल्या, मिरची-कोथिंबीर वाटून सोलकढी केली. चव ऐंशी टक्के. रंग मात्र अजिबात नाही, चुना कालवल्यासारखी दिसते. गुलाबी होईल म्हणून मी वेड्यासारखी ढवळत बसले होते. नवऱ्यानं डोळे मिटून प्यायली आणि म्हणाला, "आता मालवण."

ठाण्याहून, सहा वर्षं राहून परत आलेला

मी आनंदानं परतलो नाही, हे आधी सांगतो. लोई प्रांतात होतो. गावात ओ सो मो असतात, आरोग्य स्वयंसेविका. आमची ओ सो मो दर महिन्याला मोटरसायकलवर यायची, माझा बीपी घ्यायची आणि मीठ कमी खा म्हणून ओरडायची. ठाण्यात इतकी काळजी कुणी घेतलेली नाही.

पण 30 बाथमध्ये उपचाराची सरकारी योजना थाय नागरिकांसाठी आहे, आपल्यासाठी नाही. सत्तरी जवळ आली तसा विम्याचा हप्ता दरवर्षी उडी मारायला लागला. मग एका रात्री पोटात दुखायला लागलं. कुठे दुखतंय हे मला थायमध्ये सांगता येत होतं. कसं दुखतंय हे नाही. कळ येते, ठणकतंय, ठसठसतंय, मुरडा मारतोय, टोचतंय, जळजळतंय. यातलं एकही मला येईना. डॉक्टर शांतपणे विचारत होता आणि मी "चेप, चेप" म्हणत होतो, म्हणजे दुखतंय, दुखतंय. शेवटी निघाला पित्ताशयातला खडा. बिलाचा आकडा लिहीत नाही, तो आठवला की पुन्हा तिथेच कळ येते.

नोंग खायहून, नागपूरचा

आमचं घर धम्मातलं. आजोबा 14 ऑक्टोबर 1956 ला दीक्षाभूमीवर होते. त्यामुळे मी इथे आलो ते थोडा तोऱ्यातच: बुद्धाचा देश, आपलाच. गावातल्या वाटमध्ये, म्हणजे विहारात, पहिल्या दिवशी भिक्खूंनी सुरू केलं, "फुत्थांग सरणांग खच्छामि." उच्चार वेगळे, पण मी मागून आपल्या पद्धतीनं म्हणत गेलो, बुद्धं सरणं गच्छामि, पंचशीलासकट. बाया वळून वळून बघत होत्या. खॅकला हे कसं येतं?

पण दारोदारी भुतांची छोटी घरं, त्यांना लाल सरबताच्या बाटल्या, मनगटाला मंतरलेले दोरे हे पाहून माझं डोकं फिरायचं. पहिल्या वर्षी मी मुखियाला बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा समजावून सांगायला बसलो होतो. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि मला बीअर दिली.

गेल्या वर्षावासात, म्हणजे भिक्खूंच्या पावसाळी मुक्कामाच्या दिवसांत, शेजारचे आजोबा गेले. शीतपेटीत तीन दिवस ठेवलं होतं. रोज संध्याकाळी भिक्खूंचा पाठ, नंतर मांडवात जेवण आणि पहाटेपर्यंत पत्ते, कारण मृताला एकटं सोडायचं नाही. मी खुर्च्या लावल्या, ताटं धुतली. आजोबा 83 वर्षांचे होते, म्हणून निम्म्या गावानं 83 आकड्याची लॉटरी घेतली. सोडत 1 आणि 16 तारखेला असते. मी घेतली नाही. आकडा लागला नाही, तेव्हा मला जरा बरंच वाटलं.

शेवटच्या दिवशी प्रत्येकाच्या हातात दोक माय चान देतात. माय म्हणजे लाकूड, चान म्हणजे चंदन. चंदनाच्या नावाचं ते फूल रांगेनं जाऊन शवपेटीपाशी ठेवायचं. माझ्यामागे त्यांची नात होती, तिनं माझी बाही धरून ठेवली होती.

मदतीची पाकिटं दिली की भोंग्यावर नाव आणि रक्कम वाचून दाखवतात. माझं नाव त्यांच्या जिभेवर बसत नाही. मुखिया अडखळला, दोनदा खाकरला आणि म्हणाला, "लुंग खॅक, 200 बाथ." खॅक काका.

बुरीरमहून पुन्हा

200 फार कमी हो. आमच्या गावात 500 चा रिवाज आहे.