टॅक्सीच्या जीपीएस डेटात प्रवासी चढण्याच्या जागा चुकताहेत – मदत हवी आहे, लवकर

नकाशातला उंदीर: उद्या गाइडना दाखवायचंय. ० म्हणजे टॅक्सी रिकामी, १ म्हणजे भरलेली; ० नंतर १ आला की प्रवासी चढला, १ नंतर ० आला की उतरला, असं धरलंय. पण चढणारे वस्त्यांत विखुरलेत, डाउनटाउनात नुसते उतरणारे. शिवाय संध्याकाळी पाचला फेऱ्या सर्वांत कमी आणि दुपारी अडीचला उसळी! जवळजवळचे बिंदू गटांत बांधणाऱ्या डीबीस्कॅनचे आकडे बदलून पाहिले, ढिम्म फरक नाही. दुसरा कोणता अल्गोरिदम लावू?

रेषाखंड: शहर कोणतं? डेटा कोणता? फाइलच्या पहिल्या दोन ओळी टाक.

खडूफळा: आधी मॅप मॅचिंग, म्हणजे बिंदू रस्त्यांवर बसवणं. त्यासाठी हिडन मार्कोव्ह मॉडेल लावा.

रेषाखंड: त्याला मार्ग नकोय, चढण्याची जागा हवीये.

चहाबाज: न्यूयॉर्कचा डेटा घ्या की, फेऱ्या आयत्या मिळतात.

खडूफळा: जुलै २०१६पासून तिथे फक्त झोनचा, म्हणजे अख्ख्या भागाचा, क्रमांक मिळतो. कोपरा कळणार कसा?

नकाशातला उंदीर: सॅन फ्रान्सिस्को, २००८, ५३६ टॅक्सी. ओळीत अक्षांश, रेखांश, ०/१ आणि वेळ (१९७०पासूनचे सेकंद):
३७.७५१३४ -१२२.३९४८८ ० १२१३०८४६८७
३७.७५१३६ -१२२.३९५२७ ० १२१३०८४६५९
वेग उणे येत होता, म्हणून ॲब्ज (उणे चिन्ह काढणारं फंक्शन) लावलं.

रेषाखंड: तिथेच माशी शिंकली. दुसरी ओळ पहिलीच्या २८ सेकंद *आधीची* आहे. फाइल उलटी आहे, ताजी नोंद वर. तू वरून खाली वाचतोयस, म्हणजे उतरणं तुला चढणं दिसतंय. उणे वेग तेच ओरडून सांगत होता, तू ॲब्जने त्याचं तोंड बांधलंस. प्रत्येक टॅक्सीच्या नोंदी वेळेनुसार चढत्या क्रमाने लाव, मग ० आणि १ बघ.

आता वेळ. १२१३०८४६८७ म्हणजे यूटीसीत (जागतिक प्रमाण वेळेत) १० जून, सकाळचे ७:५८. तुझ्या लॅपटॉपने त्याचे भारतीय १३:२८ केले असणार. तिथे तेव्हा रात्रीचे ००:५८ होते. साडेबारा तासांचा फरक. तुझी अडीचची उसळी म्हणजे तिथले पहाटेचे दोन, बार बंद व्हायची वेळ. आणि पाचचा शुकशुकाट म्हणजे पहाटेचे साडेचार.

चहाबाज: यूटीसीतून सरळ ७ तास वजा करा, झालं.

खडूफळा: आणि हाच कोड डिसेंबरच्या डेटावर चालवला की ८ लागतील, तेव्हा? हिवाळ्यात तिथली घड्याळं तासभर मागे असतात. लॉस एंजेलिसचा टाइमझोन लावा, सॅन फ्रान्सिस्कोलाही तोच आहे.

चहाबाज: हा डेटा मे-जूनचाच आहे हो, सगळा उन्हाळी वेळेतला.

नकाशातला उंदीर: क्रम लावला, डाउनटाउन सुधारलं! पण काही वेग अनंत येतोय. आणि डीबीस्कॅनला त्रिज्या ०.००१ दिलीये, बरोबर ना?

रेषाखंड: अनंत म्हणजे एकाच सेकंदाच्या दोन नोंदी, एक काढ. ०.००१ अंश तिथे उत्तर-दक्षिण १११ मीटर, पूर्व-पश्चिम ८८च. आधी अक्षांश-रेखांश यूटीएम झोन १०मध्ये, म्हणजे मीटरच्या नकाशा-जाळीत बदल, मग मीटरमध्ये त्रिज्या दे. शेवटचा ० आणि पहिला १ यांत दोन मिनिटांहून जास्त खंड असेल तर ती फेरी सोड, कारण प्रवासी मधे कुठेही चढला असेल.

चहाबाज: मुंबईच्या काळ्या-पिवळ्यांचा असा डेटा कुठे मिळेल का कोणाला ठाऊक?

खडूफळा: नवा धागा काढा.