मदत हवी आहे: ‘तुंबाडचे खोत’नंतर काय वाचू?

मंडळी, दापोलीत पाऊस लागला की वीज जाते आणि माझं वाचन होतं. यंदा श्री. ना. पेंडशांचे ‘तुंबाडचे खोत’ (१९८७) संपवले, दोन्ही खंड. जगबुडी नदीकाठच्या चार पिढ्या! पहिला खंड अधाशासारखा वाचला, दुसऱ्यात जरा रेंगाळले. त्याआधी ‘रथचक्र’. मुलांना शिकवायचंच म्हणून झगडणारी ती बाई अजून डोक्यातून जात नाही.

आता कोकणातलीच, पण गेल्या दहा-पंधरा वर्षांतली कादंबरी हवी आहे. खोत-कुळं पुरे झाली. कोळीवाडा, ट्रॉलर, विकलेल्या जमिनी असं काही. आई मालवणची, तिला वाचून दाखवते, त्यामुळे संवाद मालवणीत असले तर उत्तमच. नुसतं ‘छान आहे’ नको, कुठे कंटाळलात तेही सांगा.