देवगिरीवरचे दोन खून

महाराष्ट्रातल्या गूढ मृत्यूंच्या चर्चेत कुणीतरी म्हटलंय की गूढ राजकीय मृत्यू म्हणजे नारायणराव पेशव्यांचा खून नि सवाई माधवरावांचा अंत, म्हणजे सगळं पुण्यातलंच. मराठवाड्याच्या वाट्याला फक्त मानवतचं खून प्रकरण. हे पटत नाही. देवगिरी, म्हणजे संभाजीनगरजवळचा दौलताबादचा किल्ला, विसरलात!

1629 साली याच किल्ल्यावर, अहमदनगरच्या निजामशहाच्या भर दरबारात, जिजाऊंचे वडील लखुजी जाधवराव मुलांसह मारले गेले. शिवजन्माला तेव्हा काही महिनेच उरले होते. एवढा मातब्बर सरदार शहानं का संपवला, यावर आजही एकमत नाही. पुढे तोच शहा मलिक अंबरच्या मुलाच्या, फतहखानाच्या कैदेत पडला. फतहखानानं त्याला गुपचूप मारलं आणि बाहेर सांगितलं, आजारानं गेला. मग शहाचं दहा वर्षांचं पोर गादीवर बसवलं. हे शाहजहानच्या दरबारी इतिहासातच नोंदलंय, आणि काटा काढण्याचा इशारा मोगलांकडूनच आला होता, हेही त्यातच. 1633 मध्ये किल्ला मोगलांकडे गेला.

आम्ही संभाजीनगरकर पाहुण्यांना हौसेनं गडावर नेतो. गाईड अंधारीत, म्हणजे किल्ल्यातल्या काळोख्या भुयारी वाटेत, मशाल फिरवून वटवाघळं दाखवतो, मेंढा तोफेपाशी फोटो होतात. लखुजींचं नाव मात्र कुणी काढत नाही, याचं फार वाईट वाटतं.