मदत हवी आहे: कॉन्स्टँटिनोपलचा तट, १५ मिमी सैनिकांसाठी

मंडळी, टेबलटॉप वॉरगेमिंगवाले (टेबलावर छोटे सैनिक मांडून लढाई खेळणारे) इथे मोजकेच आहेत, पण मॉडेल बनवणारे आणि आर्किटेक्टही वाचतात, म्हणून विचारतोय.

कॉन्स्टँटिनोपलला (आजचं इस्तंबूल) पडलेला इ.स. ६२६ चा वेढा खेळायचा आहे. बायझंटाईन सम्राट हेराक्लियस दूर मोहिमेवर, अवार या भटक्या टोळ्यांचा खाकान (राजा) तटाखाली, बोस्फोरसपलीकडे पर्शियन फौज. सैनिक रंगवून तयार आहेत, घोडं अडलंय ते थिओडोसियन तटबंदीपाशी, म्हणजे शहराच्या दुहेरी तटापाशी.

स्केल १:१०० धरलं तर आतली १२ मीटरची मुख्य भिंत १२ सेंमीची होते, बुरूज १८-२० सेंमीचे. उंचीची अडचण नाही. पण दोन बुरुजांत साधारण ५५ मीटर अंतर, म्हणजे सहा बाय चार फुटी टेबलावर जेमतेम तीन बुरूज. खोलीचं तर विचारूच नका! वीसेक मीटरचा खंदक, मोकळी पट्टी, बाहेरची भिंत, दोन भिंतींमधली जागा आणि मग मुख्य भिंत. अर्धं टेबल इथेच संपलं. खाकानाने तटावर हल्ल्यासाठी बारा मनोरे आणले होते, ते उभे कुठे करू?

जमिनीवरची अंतरं सरसकट निम्मी करावीत असं वाटतंय. सगळं सारखंच आखडलं तर मुख्य भिंतीवरच्या तिरंदाजाची नजर बाहेरच्या भिंतीवरून जिथे पडायची तिथेच पडते. नुसती मधली जागा कमी केली, तर बाहेरच्या भिंतीआड हल्लेखोरांना मिळणारा आडोसाही उगाच आटतो. हे कुणी खेळून पाहिलंय का?

दुसरं, बाहेरची भिंत तळाशी २ मीटर जाड, म्हणजे मॉडेलमध्ये २ सेंमी. कठडा वजा केला की वर उरते ती वाट सेंटिमीटरभर, आणि माझ्या तिरंदाजांचे बेस (सैनिक चिकटवलेल्या पट्ट्या) ४० बाय २० मिमी. भिंत जाड करू, की वरच्या माणसांना सुटे बेस देऊ? जाड केली तर मुख्य भिंतीशेजारी ती बोजड दिसेल, म्हणून मन होत नाही.

आता साहित्य. थर्माकोलचे दाणे सुटतात, म्हणून एक्सपीएस (घट्ट, बिनदाण्याचा फोम) शीट आणली. बोथट बॉलपेनने चुनखडीच्या दगडांचे सांधे झकास उठतात. पण या तटाची खरी ओळख म्हणजे मधले लाल विटांचे पट्टे. एकेका पट्ट्यात विटांचे पाच थर, जाडी सुमारे ४० सेंमी. म्हणजे ४ मिमीत पाच थर कोरायचे, आणि तिथे फोमच्या कडा फाटतात. कार्डशीटची रेघा मारलेली पट्टी खाचेत बसवली तर? पण पट्टा बुरुजाच्या कोपऱ्यावरून सलग वळायला हवा, आणि कार्ड तिथे मोडतं. ओलं करून वळवावं का?

थ्रीडी प्रिंटर नाही. दिवाळीच्या किल्ल्याची माती-पोती इथे चालणार नाहीत, कारण खेळ झाला की तुकडे सुटे करून कपाटावर चढवायचेत. जोड बुरुजाच्या कडेला लपवायचा विचार आहे. चुंबक लावून कुणी केलं असेल तर किती मिमीचं वापरलं तेही सांगा.