विद्यापीठानं फिनिक्स वाढवलं? उलट आहे!

मेसाकर: काल इथे कुणीतरी लिहिलं, "एएसयू (अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटी) नसतं तर फिनिक्स वाळवंटातलं खेडंच राहिलं असतं." राहवलं नाही म्हणून लिहितोय. 1950 ला इथे लाखभर लोक, 1960 ला चार लाखांवर. आणि शेजारच्या टेंपे शहरातल्या या कॉलेजला विद्यापीठ म्हणायला लागले 1958 ला, तेही मतदान घेऊन. शहर वाढवलं एसीनं, धरणांनी आणि मोटोरोला कंपनीनं. इंजिनियर हवेत म्हणून कॉलेजच्या मागे लकडा लावला तोही मोटोरोलानंच.

टेंपेवासी: कालची पोस्ट माझीच. अर्धे आकडे देऊ नका. त्या दहा वर्षांत शहराची हद्द 17 चौरस मैलांवरून 187 वर गेली, शेजारच्या वस्त्या आत ओढून. आणि डाउनटाउनचं, म्हणजे फिनिक्सच्या मध्यभागाचं काय? 2006 ला मतदारांनी 22.3 कोटी डॉलरचे रोखे मंजूर केले, एएसयूचा कॅम्पस आला, 2008 अखेर लाइट रेल, म्हणजे शहरातली छोटी रेल्वे. मी 2005 ला आलो तेव्हा सहानंतर तिथे चिटपाखरू नसायचं.

गिल्बर्टहून: वाढ, वाढ! पाणी कुठून आणणार? 2023 च्या जूनमध्ये अ‍ॅरिझोना राज्यानंच सांगितलं, फक्त भूजलाच्या भरवशावर नव्या वसाहती नकोत. कोलोरॅडो नदीचं पाणी 336 मैल कालव्यानं येतं. बीडला टँकरपुढे कळशी धरून उभी राहिलेय मी. इथे दारोदारी स्विमिंग पूल बघून पोटात कालवतं.

मेसाकर: विषय विद्यापीठाचा चाललाय.

गिल्बर्टहून: वाढीचा चाललाय. पाण्याशिवाय कसली वाढ?

टेंपेवासी: ताई, घरं उठतात ती बरीचशी शेतांवर. एकरी हिशोब केला तर लसूणघासाला घरांपेक्षा जास्त पाणी लागतं.

गिल्बर्टहून: शेतकऱ्याच्या नावानं खडे फोडू नका! दुष्काळात शेत एक वर्ष पडीक ठेवता येतं. घरातला नळ ठेवता येतो का बंद?

टेंपेवासी: ...हा मुद्दा खरा आहे. पण पूल मी बांधलेले नाहीत, माझ्यावर ओरडू नका.

एमएसवाला: 2023 च्या जुलैत मी टेंपेत अपाची बुलेव्हार्ड रस्त्याजवळ राहायचो. सलग 31 दिवस पारा 43 च्या वर. त्यात आमचा एसी चार दिवस बंद. मालक फोन उचलेना. आम्ही चौघं ओल्या चादरी अंगावर घेऊन फरशीवर झोपलो. भाडं मात्र एक तारखेला पूर्ण दिलं. आम्ही विद्यार्थी आलो की भाडी चढतात, तीही तुमच्या वाढीतच मोजा.

मेसाकर: डाउनटाउन विद्यापीठानं जागं केलं, एवढं मान्य. त्यापलीकडे एक इंचही नाही. एमएसवाल्या, तेव्हा कळवायचंस रे. मेसात आमची एक खोली रिकामीच होती.