पोषण सांभाळून उष्मांक कमी करायचे आहेत. सुरुवात कशी करावी?

निर्झर_ठाणे

नमस्कार. माझे वय ४२, उंची १७० सेंटिमीटर आणि वजन ७१ किलो आहे. काम बैठे आहे आणि सकाळी अर्धा तास चालण्यापलीकडे व्यायाम होत नाही. वडिलांना पंचेचाळिशीत मधुमेह निघाला आणि पुढे बायपास करावी लागली. दोन्ही काकांच्या बाबतीतही थोड्याफार फरकाने हेच घडले. माझे अहवाल अजून मर्यादेत आहेत, मात्र उपाशीपोटीची साखर दर वर्षी थोडी वर सरकत आता ९८ वर आली आहे आणि पोटाचा घेर ९३ सेंटिमीटर भरतो.

उष्मांक कमी ठेवायचे, पण प्रथिने, जीवनसत्त्वे आणि खनिजे यांत उणीव येऊ द्यायची नाही, अशी जी आहारपद्धती दीर्घायुष्याच्या संशोधनात चर्चेत असते, तिच्याबद्दल मी वाचतो आहे. मला दोन महिन्यांत वजन उतरवायचे नाही. साठी-सत्तरीत वडिलांसारखे आजारपण वाट्याला येऊ नये एवढाच हेतू आहे, त्यामुळे जे सुरू करीन ते वर्षानुवर्षे निभावता यायला हवे.

सध्याचा आहार असा: सकाळी पोहे किंवा उपमा, दुपारी डब्यात तीन पोळ्या आणि भाजी, संध्याकाळी फरसाण किंवा बिस्किटे, रात्री साडेनऊला भाकरी, आमटी आणि भात. दिवसभरात चार कप चहा होतो, प्रत्येकात दोन चमचे साखर. घर शाकाहारी आहे, पण मी अंडी खातो. चार माणसांना महिन्याला चार लिटर तेल लागते.

पंचवीस टक्के कपात करावी असे अनेक ठिकाणी वाचले. ती एकदम करावी की टप्प्याटप्प्याने? प्रथिने कशी भरून काढावीत? पत्नीलाही माझ्याबरोबर हे सुरू करायचे आहे. तिचे वय ३९, उंची १५८ सेंटिमीटर, वजन ५० किलो असून मागच्या तपासणीत हिमोग्लोबिन १०.८ होते. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

पळसपान

मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. आपण दिलेल्या तपशिलातच आपल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर आहे, म्हणून आधी तोच हिशेब मांडते.

आपले वय, उंची आणि वजन मिफ्लिन-सेंट जिऑर समीकरणात घातले, तर पूर्ण विश्रांतीच्या अवस्थेत लागणारी ऊर्जा सुमारे १५७० कॅलरी येते आणि बैठ्या दिनक्रमासाठी तिला १.४ ने गुणले की २२०० च्या आसपास आकडा मिळतो. हे समीकरण अमेरिकेतील लोकांवरून बसवलेले आहे आणि आपल्याकडच्या माणसांचा खर्च बहुधा त्याहून कमी भरतो, म्हणून मी आपल्यासाठी २१०० धरीन. त्याचे पंचवीस टक्के म्हणजे ५२५ कॅलरी. पोळी-भाजीच्या जेवणातून रोज एवढी कपात, तीही पोषण राखून, कायमची करणे फार थोड्यांना जमते. सुरुवातीला दहा ते बारा टक्के, म्हणजे सुमारे २५० कॅलरी एवढेच उद्दिष्ट ठेवावे.

आता या २५० कॅलरी कुठे आहेत ते पाहा. चार कप चहातील आठ चमचे साखर म्हणजे ४० ग्रॅम, अर्थात १६० कॅलरी, आणि तिच्यात पोषणाचा अंशही नाही. महिन्याला चार लिटर तेल चौघांत वाटले, तर माणशी रोज तीस ग्रॅम पडते, म्हणजे २७० कॅलरी. चहातील साखर बंद केली आणि तेल निम्म्यावर आणले, की जवळपास ३०० कॅलरी कमी होतात आणि ताटातील भाकरी, डाळ, भाजी यांना हातही लागत नाही. संध्याकाळचे फरसाण मी या हिशेबात धरलेलेच नाही. तेलासाठी सोपा उपाय असा, की महिन्याच्या पहिल्या तारखेला ठरलेले तेल वेगळ्या बरणीत काढून ठेवावे आणि महिनाभर फोडणीसाठी तेवढेच वापरावे. रोजच्या रोज पळीने मोजण्याचा कंटाळा येतो, पण बरणीतील पातळी समोर दिसत राहिली की हात आपोआप आवरता येतो.

काहीही कमी करण्याआधी दोन आठवडे आहे तेच खावे आणि ते लिहून ठेवावे. त्यासाठी स्वयंपाकघरात ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्यावा. पोळ्या मोजून उपयोग नाही, कारण एका घरातील फुलका पंचवीस ग्रॅम पिठाचा असतो, तर दुसऱ्या घरातील घडीची पोळी पंचेचाळीस ग्रॅमची, वर घडीत तेल वेगळेच. कणीक भिजवण्याआधी पीठ तोलावे, डाळ आणि तांदूळ कच्चे तोलावेत. कोणत्या पदार्थात काय आहे हे पाहण्यासाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेली भारतीय अन्नघटकांची कोष्टके वापरावीत. परदेशी ॲपमध्ये आपली थालिपीठे आणि उसळी धड सापडत नाहीत, आणि सापडल्या तरी आकड्यांचा भरवसा नसतो.

प्रथिनांबाबत भारतीय शिफारस दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम आहे, पण उष्मांक कमी करताना स्नायू टिकवायचे असतील तर मी ती एक ग्रॅमच्या थोडी वर नेते. आपल्याला रोज ७५ ग्रॅम पुरतील. दोन अंडी (१३ ग्रॅम), कच्ची तोललेली साठ ग्रॅम डाळ किंवा कडधान्य (१४), दिवसभरात मिळून चारशे ग्रॅम दूध-दही (१३), तीस ग्रॅम सोयाबीन वडी (१५) आणि ज्वारी-गव्हाचे मिळून १८० ग्रॅम पीठ (१९) एवढ्यात तो आकडा गाठला जातो. त्यावर भरपूर भाज्या, दोन फळे, मूठभर शेंगदाणे आणि पंधरा ग्रॅम तेल धरले तरी एकूण ऊर्जा १८५० च्या आत राहते. रात्रीचा भात थोडा कमी करून त्याऐवजी मोड आलेल्या मटकीची उसळ वाढवून घेतली, तर पोटही अधिक वेळ भरलेले राहते.

कॅल्शियम रोज हजार मिलिग्रॅम लागते. त्यासाठी दुधाच्या जोडीला आठवड्यातून तीन-चार दिवस नाचणीची भाकरी करावी, तसेच राजगिऱ्याची पालेभाजी आणि तिळाची चटणी ठेवावी. बी-१२ मात्र शाकाहारी ताटातून पुरेसे मिळत नाही, तेव्हा त्याची तपासणी करून गोळी ठरवून घ्यावी. आणखी एक: कपात म्हणून एकादशीचा उपास धरणार असाल तर धरू नका. साबुदाण्याच्या खिचडीत उष्मांक मुबलक असतात आणि प्रथिने असतात ती केवळ कुटातली.

कोशिका

वरील उत्तराला पुराव्याची बाजू जोडतो. मी जीवशास्त्र शिकवतो आणि या विषयाचा अनेक वर्षे पाठपुरावा करतो आहे.

कॉर्नेल विद्यापीठातील क्लाइव्ह मॅकके यांनी १९३५ मध्ये दाखवले, की जीवनसत्त्वे आणि खनिजे पुरेशी देऊन उष्मांक कमी ठेवलेले उंदीर अधिक जगतात. तेव्हापासून पंचवीस ते चाळीस टक्के हे आकडे रूढ झाले, पण ते पिंजऱ्यातील प्राण्यांचे आकडे आहेत. माकडांवरील निष्कर्ष तर परस्परविरोधी निघाले. विस्कॉन्सिनमधील ऱ्हीसस माकडे कमी खाऊन अधिक जगली, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. अमेरिकेच्या राष्ट्रीय वार्धक्य संस्थेतील माकडांत आयुष्याचा फरक दिसला नाही, असे २०१२ मध्ये. दोन्ही गटांनी २०१७ मध्ये एकत्र विश्लेषण केले, तेव्हा वय, आहार आणि तुलनेच्या गटाला किती खाऊ दिले होते यांतील फरक पुढे आले. विस्कॉन्सिनच्या खाद्यात साखरेचे प्रमाण पुष्कळ जास्त होते आणि तुलनेच्या माकडांना हवे तेवढे खाण्याची मुभा होती. राष्ट्रीय वार्धक्य संस्थेत खाद्य अधिक नैसर्गिक होते आणि तुलनेच्या माकडांचे खाणेही काहीसे मोजके होते. माझ्या मते यावरून असे दिसते, की जो मुळात बरे आणि बेताचे खातो त्याला आणखी कपातीचा लाभ थोडा मिळतो, आणि साखर, तेल, अतिरिक्त खाणे यांत बुडालेल्याला पुष्कळ मिळतो. म्हणून चहाच्या साखरेपासून सुरुवात करण्याचा सल्ला मला शास्त्रीयदृष्ट्याही पटतो.

माणसांवरची सर्वांत शिस्तशीर चाचणी म्हणजे ‘कॅलरी’ या नावाने ओळखली जाणारी अमेरिकेतील दोन वर्षांची चाचणी. लठ्ठ नसलेल्या दोनशेहून अधिक प्रौढांपैकी एका गटाला पंचवीस टक्के कपातीचे उद्दिष्ट दिले होते. तज्ज्ञांची साथ आणि सातत्याने समुपदेशन असूनही प्रत्यक्षात सरासरी कपात झाली सुमारे बारा टक्के. तरीही वजन दहा टक्क्यांच्या आसपास उतरले आणि रक्तदाब, वाईट कोलेस्टेरॉल, इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद हे सर्व सुधारले. यामुळे माणूस किती वर्षे अधिक जगतो हे मात्र दोन वर्षांच्या चाचणीतून ठरत नाही. तसा दावा कोणी केला तर सावध राहावे.

आपल्याकडच्या वाचकांसाठी आणखी एक संदर्भ महत्त्वाचा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना मांडली होती. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपला इंडेक्स २४.६ आहे, जो भारतीयांसाठीच्या २३ या मर्यादेच्या वर जातो, आणि घेरही पुरुषांसाठीच्या ९० सेंटिमीटरच्या वर आहे. अशा शरीरात आधीच स्नायू कमी आणि पोटाभोवती चरबी जास्त असण्याची शक्यता असते. त्यामुळे काट्यावर उतरलेला किलो चरबीचा की स्नायूंचा, हा प्रश्न आपल्यासाठी युरोपियन माणसापेक्षाही अधिक मोलाचा आहे.

निर्झर_ठाणे

दोघांचेही मनापासून आभार. तेलाचा हिशेब पाहून घरातील सर्वांना आश्चर्य वाटले. पत्नीबद्दल आणि व्यायामाबद्दल कोणी सांगू शकेल का? तसेच रात्रीचे जेवण साडेनऊऐवजी लवकर घेतल्याने काही फरक पडतो का?

गोदाकाठ

मी नाशिकमध्ये फिजिशियन आहे. आपल्या पत्नींबद्दल स्पष्ट सांगतो: त्यांनी उष्मांक कमी करू नयेत. त्यांचा इंडेक्स २० आहे, कमी करण्याजोगे काही नाही, आणि १०.८ हिमोग्लोबिन म्हणजे रक्तक्षय आहे. त्यांना फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा), बी-१२ आणि थायरॉइड यांची तपासणी, त्यानुसार उपचार आणि कदाचित आजच्यापेक्षा थोडे अधिक प्रथिनयुक्त जेवण यांची गरज आहे. घरात एकाने मोजून खायला घेतले, की दुसरी व्यक्ती, बहुतेक वेळा बाईच, नकळत स्वतःच्या ताटातले कमी करते, हे मी दवाखान्यात वारंवार पाहतो. आपण त्याकडे मुद्दाम लक्ष द्यावे. साखर आणि तेल घरात सर्वांसाठी कमी होण्यास हरकत नाही, पण त्यांच्या ताटात तेवढीच ऊर्जा शेंगदाणे, दूध, डाळ यांतून परत यायला हवी.

आपल्या देशात कमी वजनाचा धोका हाडांपुरता नाही. कुपोषण हे क्षयरोगाचे मोठे कारण आहे. झारखंडमध्ये झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रुग्णांच्या कुटुंबीयांना पूरक आहार दिल्याने त्यांच्यातील नव्या क्षयाचे प्रमाण लक्षणीय घटले. म्हणून इंडेक्स २० च्या आसपास असलेली माणसे, गरोदर आणि स्तनदा माता, वाढत्या वयाची मुले, पासष्टीपुढची अशक्त माणसे आणि पूर्वी खाण्याशी संबंधित मानसिक आजार झालेल्या व्यक्ती यांना मी या वाटेने जाऊ देत नाही. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण कमी केले, तर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते.

आता व्यायाम. वर उल्लेख झालेल्या अमेरिकेतील चाचणीत कपात करणाऱ्या गटाची कंबरेच्या मणक्यातील आणि खुब्यातील हाडांची घनता घटली होती. सेंट लुइस येथील आधीच्या एका वर्षभराच्या अभ्यासात ज्यांचे वजन केवळ कमी खाऊन उतरले त्यांच्या खुब्याची घनता घटली, आणि ज्यांचे साधारण तेवढेच वजन व्यायामाने उतरले त्यांची घटली नाही. आपण नुसते चालता, ते हृदयासाठी उत्तम आहे, पण हाडांना आणि स्नायूंना ओझे हवे. आठवड्यातून दोन-तीन दिवस वजने उचलणे, बैठका, जोर, जिना चढणे यांपैकी जे नियमित जमेल ते कपातीच्या आधी सुरू करावे, म्हणजे शरीराला स्नायू राखण्याचे कारण मिळते.

सुरुवातीला एचबीएवनसी (गेल्या सुमारे तीन महिन्यांतील साखरेची सरासरी), लिपिड (रक्तातील चरबी), हिमोग्लोबिन, बी-१२, ड जीवनसत्त्व आणि शक्य असल्यास डेक्सा (हाडांची घनता मोजणारी तपासणी) करून ठेवावे. रक्ताच्या तपासण्या सहा महिन्यांनी पुन्हा कराव्यात. महिन्याला एक किलोपेक्षा जास्त वजन उतरत असेल तर खाणे वाढवावे.

उंबरठा

मी ही पद्धत बरीच वर्षे पाळतो आहे, तेव्हा जेवणाच्या वेळेबद्दल अनुभव सांगतो. रात्रीचे जेवण साडेसातला आणल्याने माझे एकूण खाणे कमी झाले, कारण संध्याकाळी सहाला लागणारी भूक फरसाणावर न भागता थेट जेवणावर भागू लागली. आपण घरी उशिरा पोहोचत असाल, तर डब्याबरोबर उकडलेले अंडे किंवा भिजवलेले हरभरे न्यावेत आणि ते साडेपाचला खावेत. रात्री मग भात आपोआप कमी वाढून घेतला जातो.

लग्नसराई आणि सणांचे दिवस यांचा हिशेब मी ठेवत नाही. पुरणपोळी तुपासह खातो आणि दुसऱ्या दिवशी नेहमीचे जेवण जेवतो. भरपाई म्हणून उपाशी राहत नाही. हाताची बोटे सतत थंड पडणे, विनाकारण चिडचिड, झोप मोडणे, दिवसभर खाण्याचेच विचार येणे, कामेच्छा मंदावणे, ही कपात जास्त झाल्याची लक्षणे आहेत. अमेरिकेत मिनेसोटा येथे १९४४-४५ मध्ये अॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवले होते, तेव्हा ही सर्व लक्षणे त्यांच्यात उमटली होती. यांतील दोन-तीन एकत्र जाणवू लागली, तर तपासणीच्या अहवालाची वाट न पाहता त्याच आठवड्यात रोजची एक भाकरी आणि एक वाटी वरण वाढवावे.